कासाऱ्यांची टाकी

मी टाकी बोलतेय, आणि तोंड उघडलंय ते भांडायलाच. माझं खरं कोणी मानलं नाही. पोटात विष साठत होतं, बुडबुडे वर येऊन फुटत होते, झाकणाभोवतीचं गवत पिवळं पडून मेलं होतं. दगडाने याहून मोठ्याने ओरडायचं तरी कसं? कासाऱ्यांची सून चंदाबाई तेवढी माझ्या बाजूने बोलली, तर माणसांनी तिलाच वेड्यात काढलं.

किहीमच्या अलीकडे, समुद्राची गाज ऐकू येते इतक्या अंतरावर काळा कातळ आहे. त्याच्या पायथ्याशी बौद्धवाडी. त्या कातळात मला कोरलं काळूराम कासारे आणि त्याच्या भावांनी. तेव्हा वाडीला दुसरं नाव होतं, आणि गावच्या विहिरीला वाडीच्या माणसाने हात लावायचा नव्हता. काळूरामची बायको हंडा जमिनीवर ठेवून लांब उभी राहायची. कोणाला दया आली तर वरून पाणी ओतणार, नाही आली तर उभी राहा उन्हात. एक दिवस ती रिकामा हंडा घेऊन परत आली. काळूरामने तो हंडा पाहिला. छिन्नी-हातोडा उचलून कातळाकडे चालू लागला.

पाथरवटाच्या छिन्नीलाही टाकीच म्हणतात. जिने मला घडवलं तिचं नाव टाकी आणि माझंही टाकीच. तिचे घाव अजून आहेत माझ्या अंगावर. हात फिरवला तर कळतात.

उन्हाळेच्या उन्हाळे ते भाऊ ठोकत बसले. आत उतरायला पायऱ्या काढल्या. आणि एका कोपऱ्यात कातळाला घाम यावा तसा पाझर लागला. समुद्र एवढा उशाला, आणि माझं पाणी गोडं! एका मे महिन्यात गावची विहीर मचूळ झाली, तेव्हा वरच्या आळीच्या बायका हंडे घेऊन माझ्याकडे आल्या आणि लांब उभ्या राहिल्या. त्यांना वाटलं, आता ही वरून ओतणार. काळूरामची बायको म्हणाली, "उभ्या काय? उतरा की. पायऱ्या हायत." तेवढंच. त्या दिवशी मला माझा जन्म कळला.

छप्पन साली वाडी बौद्ध झाली. तेव्हापासून दर वैशाखात, पौर्णिमेच्या आधी, मला उपसून कोरडी करायचे. मग कासाऱ्यांच्या घरातला एक पुरुष आत उतरायचा आणि नारळाच्या सोडणांनी तळ घासायचा. धुऊन झाली की पाझराचा पहिला हंडा विहारात. उतरायचा मान फक्त कासाऱ्यांचा, दुसऱ्या कोणाचा पाय आत लागू द्यायचे नाहीत. काळूरामनंतर त्याचा मुलगा, मग नातू धर्माजी, मग धर्माजीचा मुलगा रत्नपाल. रत्नपाल गवंडी होता. तळाशी उभा राहून माझ्या भिंतीला थाप मारायचा आणि वर बघून म्हणायचा, "आबा, आजकालच्या सिमेंटला येईल का ही सर?" धर्माजी वर काठावर अभिमानाने फुगायचा.

मग वाडीत नळ आला. माणसाची जात मी तेव्हा ओळखली. कालपर्यंत माझ्या काठावर चप्पल घालून येत नव्हते, ते माझ्यात नारळाच्या करवंट्या टाकू लागले. वैशाखात मला धुणं बंद झालं. धर्माजी एकटा येऊन काठावर बसायचा, आणि त्याची नात रचना. तीही माझ्या प्रेमाने यायची असं नाही, तिथे मोबाइलला रेंज मिळायची. अलिबागला कॉलेजात होती, अभ्यास मोठ्याने करायची.

एका संध्याकाळी म्हणाली, "आजोबा, इंग्रजीतला टँक शब्द हाय ना, तो आपल्या टाकीवरून गेलाय म्हणतात. मराठीत टाकं, गुजरातीत टांकी. पोर्तुगीज इकडं आले, त्यांनी उचलला. मंग इंग्रजांनी. कोणी म्हणतं, साचलेल्या पाण्याचा पोर्तुगीजांचा वेगळा शब्द होताच, तो आणि आपला एकात एक मिसळले."

धर्माजी मांडीवर थाप मारून हसला. "पाव त्यांनी दिला, बटाटा त्यांनी दिला, चावी त्यांनी दिली. आपण दिली टाकी. म्हंजे पाव फुकट न्हाय खाल्ला आपण!"

मग तिने लढाईचं सांगितलं. पहिल्या महायुद्धात इंग्रजांनी तोफांची लोखंडी गाडी बनवली. शत्रूला सुगावा लागू नये म्हणून कारखान्यात सांगायचे, पाण्याच्या टाक्या बनवतोय. ते नाव गाडीला चिकटलं ते चिकटलंच. पेट्रोलचा टँक, मासे ठेवायचा टँक, आणि माणसं चिरडणारा टँकही.

चंदाबाई, म्हणजे रत्नपालची बायको, शेजारच्या दगडावर गोधडी आपटत होती. म्हणाली, "पाण्याचं नाव माणसं मारायला? त्यांची अक्कल काय गहाण पडली व्हती?"

"आई, शब्द हाय. शब्द कुठंही जातो."

"जाऊ दे ना. पण मागनं कोणी इचारायला नको?"

मला मात्र अभिमान वाटला होता, खोटं कशाला सांगू. वाडी मला विसरली तरी सातासमुद्रापार माझं नाव चाललंय, असं वाटलं. मूर्ख मी.

मला कोरलं काळूरामने, पण कातळ निघाला एका खोताच्या पणतवंडाच्या नावावर. तो राहतो पुण्यात, त्याने मला कधी पाहिलंसुद्धा नव्हतं. त्याने कातळ विकला, मुंबईच्या एका माणसाने घेतला आणि बंगला बांधला. कुंपणाची भिंत आली, मी भिंतीच्या आत, वाडी बाहेर. बंगल्यात पोहायला निळा तलाव झाला. नकाशा घेऊन आलेल्या साहेबाने माझ्यात डोकावून मालकाला सांगितलं, "आयता सेप्टिक टँक मिळाला तुम्हाला. खोदाई वाचली."

माझंच नाव ते. पुढे सेप्टिक लावून घरी परत आलं होतं.

चंदाबाई त्याच बंगल्यात लादी पुसायला जायची. तिने पाइप पाहिले. घरी येऊन ओरडली, "मामंजी, संडासाचे पाइप टाकीकडं वळवलेत त्यांनी!"

धर्माजी म्हणाला, "गप बस. शिकलासवरलेला माणूस हाय मालक. आपल्या घरी येऊन चहा पिऊन गेला. पाण्याच्या टाकीत कोण हागतं का?"

"मी बघितलं या डोळ्यांनी."

"तू चौथी शिकलेली. तुला पाइपातलं काय कळतं?"

पाइप कुठून कुठे जातो हे कळायला शाळा लागते, हे मला तेव्हाच कळलं. महिन्याभरात वाडीला वासावरून समजलं. तोवर माझ्यावर झाकण बसलं होतं, आणि वाडीतल्या सहा बायका बंगल्यात कामाला लागल्या होत्या. मग कोण बोलणार? माझा पाझर घाणीखाली गाडला गेला. काय काय आलं माझ्यात ते सांगत नाही, तुम्ही जेवणारी माणसं.

गेल्या वैशाखात मी तुंबले. घाण उलटून हिरवळीवर आली. बंगल्यात लग्नाचे पाहुणे यायचे होते. उपसायची मोठी गाडी आत यायची तर फाटकाचा एक खांब पाडावा लागणार होता, आणि खांबाला नुकताच रंग दिला होता. बंगल्याची देखरेख दत्तात्रेय करायचा, वरच्या आळीतला. तो धर्माजीच्या ओटीवर येऊन बसला.

"धर्माजीबाबा, एक बोलू? मालक पलीकडं नवीन टँक खोदणार हायत. ही जुनी तुमी रिकामी करून दिलीत, तर तुमची तुमाला परत. मागच्या भिंतीला दार ठेवतो तुमच्या वाडीसाठी. मी बोललोय साहेबांशी."

म्हातारा ताठ झाला. "खरं बोलतोस?"

"आईशप्पत. न्हायतर खांब पाडून गाडी आणतो. मंग ते लोक बुजवून टाकतील."

"गाडी नको," धर्माजी म्हणाला. "बाहेरच्याचा पाय नको. आमच्या टाकीत आमीच उतरणार. तो मान आमचा हाय."

चंदाबाई चुलीपुढून उठून आली. "मामंजी, छप्पन साली वाडीनं असली कामं सोडली. तुमीच सांगता ना मीटिंगमध्ये? आणि आता पोराला घाणीत उतरवता?"

"घाणीत न्हाय गो," धर्माजी म्हणाला. "आपल्या टाकीत."

इतक्या घाणीतही मी त्याला आपलीच होते.

रत्नपाल तिला समजावत म्हणाला, "एकदाच उतरतो. धुतली की पावसात भरेल. आबांना एक तांब्या पाजू दे ना तिचं पाणी. किती वर्षं झाली."

"आत हवा न्हाय. दत्तात्रेयानं झाकण सरकवलं तेव्हा मला चक्कर आली."

"उन्हाची आली असेल."

"वासाची आली! माझं कधी तरी खरं मानशील का तू?"

तो हसला. बायकोचं ऐकून पाय मागे घेतला असं वाडीत कोणी म्हणू नये, एवढीच त्याला काळजी.

दुसऱ्या दिवशी सकाळी झाकण काढलं. बादल्यांनी वरचं पातळ उपसलं. मग रत्नपाल आत उतरला, कमरेला दोर नाही, तोंडाला फक्त गमछा. माझ्या पायऱ्या त्याच्या पायाला पाठ होत्या. वर ऊन होतं, धर्माजी काठावर उकिडवा बसला होता, त्याचा चेहरा लग्नाच्या मांडवात बसल्यासारखा. रत्नपालने खालच्या रबडीत फावडं घातलं. वरची खपली मोडली आणि मी वर्षानुवर्षं दाबून धरलेली विषारी हवा सुटली. मला थांबवता आलं नाही. तोंड तेवढं अरुंद, आणि पोट काळूरामने मोठं ठेवलेलं, पाणी जास्त मावावं म्हणून.

रत्नपालने फावडं सोडलं. भिंतीला हात लावला. मग पायरीवर बसला, थकलेला माणूस बसतो तसा.

वरून धर्माजी ओरडला, "बसलास काय रे? दमलास येवढ्यात?" आणि हसला.

रत्नपाल एका बाजूला कलंडला.

चंदाबाई बंगल्याच्या मोरीतून धावत आली ती थेट पायऱ्यांवर. दत्तात्रेयाने आणि दोन बायकांनी तिला धरून मागे ओढलं. तिने त्यांच्या हातांना चावे घेतले. अलिबागहून बंब आला तेव्हा ऊन माझ्या तळाला लागलं होतं. मला ऊन लागतं ते फक्त दुपारी.

आता मी रेतीने भरलेली आहे. वर माती, मातीवर हिरवळ, हिरवळीवर खुर्च्या. नवा टँक पलीकडे झाला, खांब जागच्या जागी आहे, मागच्या भिंतीला दार नाही. रेतीखाली पाझर अजून लागतो मला, कोणाच्या कामाचा नाही तो. जो कोणी वाचत असेल त्याला एवढंच सांगणं: बंद टाकीत माणूस उतरवू नका. माणूस तुमचा असो, टाकी तुमची असो, आत काय साठलंय ते तुमचं नातं ओळखत नाही. आणि एखादी बाई सांगत असेल की आत हवा नाही, तर तिची इयत्ता विचारू नका.

एक गोष्ट राहिली. ती सांगते आणि गप्प होते.

त्या दुपारी माझ्या तोंडाशीच सगळे उभे होते. मालक मुंबईहून आला, रुमाल नाकाला. म्हणाला, "मी तर गाडी मागवायला सांगितलं होतं." दत्तात्रेय म्हणाला, "मीबी तेच बोललो, साहेब. हे लोक ऐकेचनात. बोलले, आमचा मान हाय, आमीच उतरणार. इचारा म्हाताऱ्याला." अर्धं खरं होतं, म्हणून तर ते चाललं.

वाडीतला गुणाजी, धर्माजीचा चुलतभाऊ, म्हाताऱ्याच्या कानाशी लागला. गुणाजीच्या दोन सुना बंगल्यात कामाला होत्या. "दादा, पोरगा गेला तो गेला. बंगल्याला कुलूप लागलं तर वाडीतल्या सहा चुली बंद व्हतील. जरा इचार करून बोल."

चंदाबाई जमिनीवर बसली होती, रचनाने तिला मागून धरलेलं. ती म्हणाली, "मामंजी, बोला. टाकी परत देतो बोलला हा दत्तात्रेय. तुमच्या ओटीवर बसून बोलला. सांगा त्यांना."

पंचनाम्याला आलेल्या हवालदाराने धर्माजीला विचारलं, "असं बोलला होता का हा?"

धर्माजीने आधी वाडीच्या बायकांकडे बघितलं. मग माझ्यात बघितलं.

"न्हाय," तो म्हणाला.

"मामंजी!"

"मग उतरवला कोणी?" हवालदार म्हणाला.

"कोणी न्हाय उतरवला. मी नको नको बोललो. ऐकला न्हाय. आपल्या मनानंच उतरला."

"म्हणजे चूक त्याचीच?"

म्हाताऱ्याने होकाराची मान हलवली.

"मयताचं पूर्ण नाव सांगा."

"रत्नपाल," धर्माजी म्हणाला. हवालदार थांबून राहिला, तेव्हा त्याने बाकीचंही सांगितलं. "रत्नपाल धर्माजी कासारे."