जुलैत अडकणारी पट्टी

मित्रांनो, मी एक जुना पियानो आहे. कारखान्यातून निघालो तेव्हा मोठ्या सभागृहाची स्वप्ने पाहत होतो. नशिबी आली न्यूयॉर्कमधल्या एका इमारतीतली, खाटही न मावणारी खोली. तिथे सेल्मा रुबिन गाणी रचायची. नाताळची गाणी, आणि तीही भर जुलैत, कारण डिसेंबरात वाजणारे गाणे उन्हाळ्यातच तयार लागते. पाय बर्फाच्या बादलीत बुडवून ही बाई हिमवर्षावाच्या चाली बांधायची.

तिची आई दुपारी डबा घेऊन यायची. "आपल्या ज्यू घरात कधी नाताळचं झाड आलं नाही, आणि तू जगाला सण शिकवतेस."

"म्हणून तर नीट दिसतो गं. खिडकीबाहेरून बघतेय ना."

मला मात्र उन्हाळा सोसत नसे. दमट हवेने लाकूड फुगले की माझी मधली एक पट्टी अडकून बसायची. सेल्मा कुरकुर न करता त्या स्वरावरून उडी मारून पुढे जायची.

तिची आधीची गाणी पडली होती. या खेपेचे गाणेही पडले तर माझी ही खोली दुसऱ्याला देईन, असे प्रकाशक केसलर यांनी बजावले होते. गाणे ऐकायला ते स्वतः आले.

"चाल बरी आहे. पण मधेच सुरांची एक पायरी गाळलीस." त्यांनी माझी पट्टी दाबली. आवाज नाही. "अरे देवा, पियानोच मुका आहे. ती पायरी भर बघू."

मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

सेल्माने पायरी भरून गाऊन दाखवले. चाल गुळगुळीत झाली आणि बाजारातल्या इतर गाण्यांसारखीच झाली. ती थांबली. "नाही साहेब. उडी राहील."

"खोली जाईल."

"जाऊ दे. गाणं तरी माझं असेल."

ते पुटपुटत गेले, पण गाणे तसेच छापले. त्या डिसेंबरात पोस्टमनसुद्धा जिन्यात ती उडी शिटीवर मारत होता. केवढा अभिमान वाटला मला! खोली राहिली. पुढे कारागीर आला की सेल्मा सांगायची, "सगळं नीट करा, फक्त त्या पट्टीला हात लावू नका."

सेल्मा आता नाही. मी एका शाळेत आहे. मुले माझ्यावर ओले हातमोजे वाळत टाकतात. मित्रांनो, तेवढे करू नका, माझे लाकूड म्हातारे आहे.

डिसेंबरात शाळेत शेगड्या पेटतात, हवा कोरडी होते आणि माझी पट्टी मोकळी होते. तेव्हा ती छान वाजते. पण सेल्माचे गाणे सुरू झाले की एकही मूल त्या स्वरावर थांबत नाही. सगळी एकदम उडी मारतात.