स्टेपिंग डाउन म्हणे!

स्टेपिंग डाउन म्हणे! काचेच्या दारावर कागद चिकटवलेला, त्यावर इंग्रजीत माझं पद आणि पुढे हे दोन शब्द. या पुस्तकांच्या बाइंडिंगच्या कारखान्यात केस पांढरे झाले माझे, आणि माझ्याच जाण्याची बातमी मला दारावर वाचायला मिळाली.

तडक धाकट्या भावाच्या केबिनमध्ये शिरले. आईनं तिचा हिस्सा त्याच्या नावावर केल्यापासून या दिवट्याला शिंगं फुटलीत.

"हे काय लावलंयस दारावर?"

"ताई, आधी बस ना."

"बसायला नाही आले मी. अर्थ सांग याचा."

घाम पुसत तो मास्तरासारखं समजवायला लागला. "कारकून नोकरी सोडतो, चोराला हाकलतात. मोठ्या पदावरचं माणूस आपणहून बाजूला होतं, तेव्हा स्टेपिंग डाउन म्हणतात. मानाचा शब्द आहे गं."

"आपणहून? ढकलायचं, आणि वर म्हणायचं की ती उतरली! लाज कशी वाटत नाही रे तुला?"

"तुझ्या पाया पडतो, ताई. खाली जाऊन एवढंच म्हण की दमले, आता थांबते. बाकीचं मी निस्तरतो."

खाली जाणं भागच होतं. कारखाना काढला तेव्हापासूनचा बाबांचा नियम आहे: सोडून जाणाऱ्यानं कटिंग मशीन बंद करायचं आणि सगळ्यांसमोर स्वतःच्या तोंडानं सांगायचं. मागून कुजबुज नको. मी सांगत नाही तोवर मी गेलेली नाही, हे त्यालाही ठाऊक होतं. म्हणून तर एवढी मनधरणी.

गेले खाली. मशीन बंद केलं. पुस्तकांचे फर्मे शिवणाऱ्या बायका, खळ लावणारे, सगळे उठून उभे राहिले. कोणीतरी फुलंही आणली होती. कौतुक बघा मेल्यांचं!

"ऐका," मी म्हणाले, "दारावरचं साफ खोटं आहे. मी आपणहून जात नाहीये. हा माझा भाऊ मला काढतोय. हाताला धरून शिकवलंय मी तुम्हाला. तुम्हाला हे चालतंय का, बोला!"

बायका जिन्याकडे बघायला लागल्या.

"दातखीळ बसली का सगळ्यांची?"

शिवणखात्याची सुपरवायझर पुढे आली. माझ्याच हाताखाली तयार झालेली.

"बाई, साहेबांनी नाही काढलं तुम्हाला. आम्ही काढायला लावलं. एक तर त्या राहतील नाहीतर आम्ही, असं सांगितलं. रोजचा पाणउतारा नाही सोसवत आता."

"कोणी सांगितलं?"

"सगळ्यांनी. साहेब रडले आमच्यापुढे. म्हणाले, तिला काढलं असं कुणी तोंडातून काढू नका, तिला मानानं जाऊ द्या. आम्ही हो म्हटलं."

धाकटा जिन्यात उभा होता. "कशाला बोललीस गं, ताई," एवढंच म्हणाला.

सुपरवायझरनं फुलं टेबलाखाली सरकवली आणि मशीन चालू केलं. एकेक जण कामाला बसला. मी तोंडाला येईल ते ओरडत होते. मशीनच्या आवाजात कुणालाच काही ऐकू आलं नाही.