कापायची खूण

टण्णकन चमचा पडला आणि दुपारची शांतता फुटली.

"पडला नाहीये गं," स्वयंपाकघरातून नवऱ्याचा आवाज आला. "खाली ठेवलाय."

"बरं केलंस. वाटीही ठेव जोडीला, म्हणजे त्याला करमेल."

तो हसला. तीही हसली, आणि हसता हसता तिने कानांवरचे हेडफोन घट्ट बसवले. तो वाकून चमचा उचलतोय की तसाच उभा आहे, हे तिला ऐकू यायला नको होतं.

जेवणाच्या टेबलावरच तिचं दुकान मांडलेलं असायचं: लॅपटॉप, दोन हार्ड डिस्क, अर्धं खाल्लेलं सफरचंद, मुलीचे मेणाचे खडू. नवरा विंडसर्फिंग शिकवायचा. फळीवर उभं राहायचं, फळीत रोवलेलं शीड दोन्ही हातांनी पेलायचं आणि वाऱ्याला चुचकारत पाणी कापत जायचं, असा तो खेळ. उंच, काटकुळा, एक पाय दुमडून उभं राहायची खोड. किनाऱ्यावर सगळे त्याला बगळा म्हणत. शीड धरायचा जो आडवा दांडा असतो, त्याच्या मागच्या टोकाला तो काडेपेटीएवढा कॅमेरा आवळून बसवायचा, तोंड स्वतःकडे करून. काचेवर थेंब थांबू नयेत म्हणून निघण्याआधी ती जिभेने चाटायचा. तास-दीड तासाचं फुटेज घरी यायचं आणि ती त्याची तीन मिनिटं करायची. ती तीन मिनिटं बघून लोक त्याच्याकडे शिकायला येत. सहा वर्षं संसार असाच चालला होता: त्याने पाण्यात जायचं, तिने त्याला पाण्यातून वर काढायचं.

सोमवारी डॉक्टरीणबाईंनी त्याचा डावा हात उलटसुलट करून पाहिला. बोटं दाबायला लावली, सोडायला लावली.

"कधीपासून आहे हे?"

"तीन वर्षं तरी झाली असतील," तो म्हणाला.

"पाच महिने," ती त्याच क्षणी म्हणाली. पाच महिन्यांपूर्वी त्याला मुलीच्या फ्रॉकचं बटण लावता आलं नव्हतं. तो फ्रॉकसुद्धा तिला आठवत होता.

डॉक्टरीणबाईंनी दोघांकडे आळीपाळीने बघितलं आणि चष्मा काढला. बाई चांगल्या होत्या, आडपडदा न ठेवता बोलल्या. मज्जातंतूंचा आजार. आज हा हात, मग दुसरा, मग पाय, मग गिळणं, मग श्वास. बरा करणारं औषध नाही. "पण कुणाला दहा वर्षं देतो, कुणाला दोनही देत नाही. सुरुवात नेमकी कधी झाली ते कळलं, तर वेगाचा अंदाज येतो. तीन वर्षांत एवढंच झालं असेल तर गोगलगाय आहे म्हणायची. वर्षाच्या आत-बाहेर झालं असेल, तर..." त्यांनी टेबलावरचं पेन सरळ केलं. "तुमच्याकडे व्हिडिओ असतात ना त्यांचे? बघा जरा मागचे. शुक्रवारी या."

आज गुरुवार होता.

आयुष्यात पहिल्यांदा ती नवऱ्याची चूक मिळावी म्हणून देव पाण्यात घालून बसली होती. हात जितका आधीपासून बिघडलेला, तितकं पुढचं आयुष्य लांब. दोन वर्षांपूर्वी, अडीच वर्षांपूर्वी, कुठेतरी एकदा डाव्या हाताची पकड सुटलेली दिसू दे, एवढंच तिचं मागणं. पण एकशे अडतीस व्हिडिओ बघून झाले तरी बगळा काही पडायला तयार नव्हता.

पडेल कसा? पडणं तिनेच कापलं होतं.

"पडलेल्या माणसाकडे शिकायला कोण येईल?" हा नियम तिचाच. आणि कापायची खूण दोघांची. तो पडला की पोहत दांड्याच्या टोकाशी यायचा आणि कॅमेऱ्यावर पंजा झाकायचा. उजव्या हाताने फळी धरलेली असायची, म्हणून डावा पंजा. पडद्यावर काळोख. काळोख दिसला की तिथून मागे पडण्यापर्यंतचं सगळं काढून टाकायचं. लग्नाच्या पहिल्या वर्षी ठरलेली ही पद्धत इतकी सोयीची होती, की तिला ते फुटेज बघावंही लागत नसे. त्या काळ्या पट्ट्या लांबूनच दिसत, तांदळातल्या खड्यांसारख्या, आणि ती पटापट वेचून टाके. मूळ फुटेज दर रविवारी पुसून डिस्क रिकामी करायची. कामातल्या टापटिपीचा तिला कोण अभिमान!

दर आठवड्याला तो आपला हात तिच्या डोळ्यांपुढे धरत होता. आणि ती तो न बघता कापत होती.

तिने हेडफोन काढून ठेवले आणि शिंपीकाकांना फोन लावला. किनाऱ्यावरच्या शेडमध्ये ते फाटकी शिडं शिवायचे, म्हणून शिंपीकाका. बगळ्याला फळीवर पहिल्यांदा उभं त्यांनीच केलं होतं आणि त्या नात्याने ते हिला सूनबाई म्हणत.

"काय गं सूनबाई, बगळा उडाला कुठे? त्याचं शीड इथे जागा अडवून बसलंय. मांजरीने त्यात पिल्लं घातली तर मला बोलायचं नाही."

"काका, त्याचं जुनं काही राहिलंय का तुमच्याकडे? एखादं कार्ड, एखादा कॅमेरा?"

"एक मेलेला कॅमेरा आहे खणात. बॅटरी फुगून आतच अडकली, झाकण उघडेना, म्हणून टाकून गेला होता. ते पिवळं शीड फाटलं ना, त्या दिवसाचा." काका हसायला लागले. "अगं, अकरा वेळा आपटला होता तेव्हा! आम्ही इथे बसून मोजत होतो. मी म्हटलं, बगळ्या, मासे पकडतोयस का?"

तिने टेबलाची कड धरली. "अकरा वेळा? कधीची गोष्ट ही?"

"थांब, ठिगळ बघतो." शिवलेल्या प्रत्येक ठिगळाच्या कोपऱ्यात काका तारीख घालायचे. फोनमध्ये कापड सळसळलं. "चौदा महिने झाले."

चौदा महिन्यांपूर्वीच हात अकरा वेळा सुटला असेल, तर त्याचं तीन वर्षांचं म्हणणंही खोटं नसेल. ती उठली. मुलीच्या पायांत चपला सरकवल्या, उजवी डाव्या पायात गेली तरी तशीच तिला उचलून निघाली. "आलेच," एवढंच तिने स्वयंपाकघराच्या दिशेने सांगितलं.

शेडमध्ये शिलाई मशीन चालू होतं. जमिनीवर निळं शीड अंथरलेलं, त्यावर काका मांडी घालून बसलेले. मुलगी लगेच शिडाखाली शिरली आणि आतून बोट वर काढून बसली. काकांनी ते बोट पकडल्यासारखं केलं, खणातून कॅमेरा काढला, शिडं शिवायचा दाभण त्याच्या फटीत घातला.

"मोडला तर?" ती म्हणाली.

"मेलेलं कोंबडं आगीला भीत नाही. हं, बघ, निघालं." झाकण तुटून मशीनखाली गेलं. नखाएवढं कार्ड त्यांनी तिच्या तळहातावर ठेवलं. मग आवाज खाली आणून विचारलं, "हाताचं काय म्हणतात डॉक्टर?"

"बघतायत."

"बघू देत. पण पोरीसमोर तोंड असं एरंडेल प्यायल्यासारखं करू नकोस."

"तोंडच तसं आहे काका माझं."

"नव्हतं," काका म्हणाले आणि मशीन पुन्हा सुरू केलं. सुई चालत होती, पण कापड त्यांनी तिच्याखाली सरकवलंच नव्हतं.

घरी आल्यावर तो आपणहून टेबलाशी येऊन बसला. मुलगी तिच्या मांडीवर. पडद्यावर लख्ख ऊन आलं, फेसाळ पाणी, पिवळं शीड, आणि दात काढून हसणारा एक उंच माणूस.

"कोण हा सुकडा?" तो म्हणाला.

"बाबा!" मुलगी ओरडली.

"छे, मी कुठे एवढा काळा?"

"गप्प बसा रे दोघं," ती म्हणाली. ती फक्त डावा हात बघत होती. सूट, ती मनात म्हणत होती. सूट की रे मेल्या. चौथ्या मिनिटाला तो पडला. तिने मागे घेतलं, एकेक चित्र करून पुढे नेलं. शीड कललं, फळी उलटली, पाय निसटले, डोकं पाण्याखाली गेलं, आणि डावा हात शेवटपर्यंत दांड्यावर. बोटांची पेरं पांढरी पडलेली, इतका घट्ट.

"हा वाऱ्याचा झटका होता," ती म्हणाली. "पुढचं बघू."

दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा तेच. चौथ्या वेळेला हात सुटल्यासारखा वाटला आणि तिच्या तोंडून जवळजवळ आनंदाचा आवाज निघाला. मागे घेऊन पाहिलं तर त्याने दांडा मुद्दाम सोडला होता, पलीकडच्या बाजूने धरण्यासाठी, आणि धरलाही होता.

"आठवलं," तो हळूच म्हणाला. "ते उलटं वळण बसवत होतो त्या दिवशी. शीड फिरवून पाठीमागून घ्यायचं ते. जमत नव्हतं, म्हणून पडत होतो."

"माहीत होतं तुला?"

"आत्ता आठवलं गं."

"मग तीन वर्षं कुठून काढलीस तू? डॉक्टरांसमोर?"

तो मुलीच्या केसांतला गुंता बघत राहिला. "वाचून गेलो होतो आधी. कुठल्या उत्तराला काय मार्क मिळतात ते कळलं होतं."

"परीक्षा आहे का ती?"

"कॉपी तर करून बघितली."

तिला हसू आलं. तिने फुटेज पुढे जाऊ दिलं. कापायचं काहीच नव्हतं, त्यामुळे कधी नव्हे ते तिला सगळं बघावं लागत होतं: तो धापा टाकत पोहतोय, नाकातलं पाणी शिंकरतोय, दांड्याच्या टोकाशी येतोय, थेट तिच्याकडे बघून म्हणतोय, "हे काढ हां, राणी. फारच बावळट पडलो." मग त्याचा पंजा पुढे येतो.

काळोख व्हायच्या आधीच्या चित्रावर तिने थांबवलं.

पडदाभर तळहात होता. ओला, उन्हात चमकणारा, मधोमध दांड्याचे घट्टे. अंगठ्याच्या मुळाशी मांसाची उशी, फुगीर, भरदार, पाण्याचा थेंब तिच्यावरून घरंगळून जात होता. ती पुढच्या पडण्याशी गेली. तसाच तळहात. त्याच्या पुढचा. त्याच्या पुढचा. एका वेळेला तर कॅमेऱ्याचा पेच सैल झाला होता म्हणून त्याने डाव्याच हाताच्या चिमटीत तो धरून आवळला होता. करंगळीच्या नखाहून लहान पेच, खालीवर होणारी फळी, आणि ती चिमूट दगडासारखी स्थिर.

अकराच्या अकरा तळहात तिने पाहिले. एकही आजारी नव्हता.

टेबलावर त्याचा आताचा हात होता. अंगठ्याच्या मुळाशी खळगा, वरची कातडी सैल, आत काहीतरी सारखं फुरफुरत असलेलं. तिने तो उचलून पडद्याशेजारी धरला नाही. गरज नव्हती.

"चांगला होता ना हात?" तो म्हणाला.

"हो."

"उद्या तरी तीन वर्षंच सांगू का? त्यांना काय कळणार आहे?"

"त्यांना नाही कळणार." तिचा आवाज साधा होता, दूध संपलंय सांगावं तसा. "आजाराला कळेल."

तो उठला, खुर्ची उजव्या हाताने आत सरकवली आणि म्हणाला, "मी जरा पडतो." शब्द तोंडातून गेल्यावर थबकला, वळून तिच्याकडे बघितलं. तीही त्याच्याकडे बघत होती. खोलीचं दार त्याने नेहमीसारखं उघडंच ठेवलं.

मुलगी मांडीवर जड झाली होती. तिला वाटलं, पोर झोपली. तिचा स्वतःचा अंगठा कधीचा बोटांच्या पेरांवर फिरत होता, हे तिच्या लक्षातच नव्हतं. त्या उन्हाच्या दिवसापासून महिने मोजायचे. करंगळीची तीन पेरं, तिच्या शेजारच्या बोटाची तीन, मधलं, पहिलं, झाले बारा. पुन्हा करंगळीवर दोन. एवढ्यात एक हात गेला. असेच अजून चौदा धरले तर दुसरा. त्यापुढचे चौदा... अंगठा करंगळीच्या त्या दुसऱ्या पेरावरच थांबला होता, पुढे जाईना.

"आई, मलापण," मुलगी जागीच होती. तिने आईचा हात ओढून स्वतःसमोर धरला, आपल्या चिमुकल्या बोटाने करंगळीच्या टोकापासून सुरुवात केली आणि एक, दोन, तीन करत, मध्येच सात म्हणायला विसरून, पण पेर न चुकवता आठावर चढून, मोठ्या आवाजात चौदापर्यंत आली. आईचा अंगठा जिथे थांबला होता, तिथे तिनेही थांबून वर पाहिलं.

"आई, पुढे कुठपर्यंत मोजायचं?"