बाबांच्या शेडची मधली भिंत

मी भिंत बोलतेय. विटांची नव्हे, पुठ्ठ्याची, तळहाताएवढी. राईस कुकरच्या खोक्यातून मला कापलंय, त्यामुळे माझ्या एका अंगावर अजून अर्धं झाकण आणि थोडी वाफ छापलेली दिसते. सिंगापूरच्या बुकित पंजांगमधल्या एका फ्लॅटमध्ये, बाराव्या मजल्यावर, जेवणाच्या टेबलावर माझा जन्म झाला. भिंतीला कान असतात असं तुम्हीच म्हणता ना? मग मी काय काय ऐकलं तेही आता ऐकून घ्या.

मला कापलं सुबोधनं. तो इथल्या एका बँकेत कॉम्प्युटरचं काम बघतो. घरात बायको अनघा, शाळेत जाणारी गार्गी आणि सुबोधचे बाबा. लोणंदला बाबांचं गॅरेज होतं, भाड्याच्या जागेत. जीप असो, ट्रॅक्टर असो, दारात येईल ते दुरुस्त करून द्यायचे. सुबोधची आई गेली, तेव्हा गॅरेज बंद झालं, राहतं घर विकलं आणि मुलानं बाबांना सिंगापूरच्या विमानात बसवलं. नातेवाईकांनी मुलाचं तोंड भरून कौतुक केलं. बाबांना कुणी काही विचारलं नाही.

इथं त्यांना कशाची ददात नव्हती. सून मायेची, जेवण वेळेवर, खाली बसायला बाकं. पण आयुष्यभर हातात पाना धरलेल्या माणसानं करायचं काय? संध्याकाळी ते पार्किंगमध्ये जाऊन येणाऱ्या-जाणाऱ्या इंजिनांचे आवाज ऐकत उभे राहायचे. एकदा न राहवून एका चिनी आजोबांच्या गाडीचा ढिला पट्टा ताणून दिला. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती, तरी आजोबा खूश होऊन गेले. दुसऱ्या दिवशी सुबोधला कुणीतरी अगदी अदबीनं सांगितलं, की पार्किंगमध्ये गाड्या दुरुस्त करता येत नाहीत. सुबोधनं ते बाबांना त्याहून अदबीनं सांगितलं.

मग बाबा खिडकीत बसायला लागले. खिडकीसमोरून एलआरटी, म्हणजे पुलावरची छोटी ट्रेन, जाते. प्रवाशांना लोकांच्या घरात डोकावता येऊ नये म्हणून आमच्या इमारतीजवळ आली की तिच्या काचा आपोआप पांढऱ्या होतात. बाबांना एकही चेहरा दिसायचा नाही. तरी दर गाडीला ते मान वर करून बघायचे.

एका रविवारी पोहे खाता खाता ते म्हणाले, "सुबोध, मला घरी जायचंय."

"घर कुठं राहिलंय आता, बाबा?"

"लोणंदला रस्त्याकडेची आपली मोकळी जागा आहे की. खांब रोवू, वर पत्रा टाकू. अर्ध्यात गॅरेज, अर्ध्यात मी."

 सुबोध एकदम उत्साहानं उठला, खोकं आणलं, कटर आणला. "करू या ना. पण नीट विचार करून करू." खोक्याची जमीन झाली, खालच्या हॉकर सेंटरमधल्या खाण्याच्या गाळ्यांवरून आणलेल्या साटेच्या, म्हणजे कबाब खोचायच्या, काड्यांचे खांब झाले, नालीदार पुठ्ठ्याचं छप्पर झालं. शेवटी मला कापलं. गॅरेज आणि खोली यांच्या मधली मी. माझी जागा ठरेना म्हणून सुबोधनं जमिनीत चार-पाच खाचा पाडल्या, म्हणजे मला इकडंतिकडं सरकवता येईल. माझं दुखणं तिथून सुरू झालं.

पहिल्या दिवशी मी बरोब्बर मधे होते. बाबांनी गार्गीची जुनी खेळण्यातली जीप गॅरेजात ठेवून बघितली, ऐसपैस मावली. त्या दिवशी ते दोन घास जास्त जेवले.

पुढच्या रविवारी सुबोध म्हणाला, बाथरूम मोठं हवं, धरायला कठडे हवेत. मी एक खाच सरकले. अनघाला वाटलं, सोबतीला माणूस ठेवायचा तर त्याला खोली नको का? मी आणखी सरकले. गार्गी आली, कमरेवर हात ठेवून म्हणाली, "Then my room where, Ajoba? Cannot like that lah." नातीचं मन कोण मोडणार? मी पुन्हा सरकले. सगळ्यांच्या मनात मायाच होती हो, खोटं कशाला बोलू. पण त्या मायेनं गॅरेज एवढंसं करून ठेवलं, की जीपचं तोंड आत आणि बूड बाहेर.

दुपारी सगळे आडवे झाले की बाबा यायचे आणि मला हळूच उचलून पुन्हा मधे लावायचे. पुढच्या रविवारी सुबोध हसायचा आणि मला परत ढकलायचा. इकडे आड तिकडे विहीर, अशी माझी गत. माझे खालचे कोपरे या ये-जा करण्यानं पार दुमडून गेले. भिंतीनं एका जागी उभं राहावं, एवढी साधी अपेक्षा असते तिची, आणि मला तेवढंही मिळेना.

लोणंदला पावसाळा येऊन गेला, दिवाळी झाली, तरी हे घोंगडं भिजतच पडलेलं. बाबांनी विचारलं की सुबोधचं उत्तर ठरलेलं, "भिंतीचं एकदा नक्की होऊ दे, मग काम सुरू करू." म्हणजे खापर माझ्यावर. मला इतका राग यायचा सांगू, पण पुठ्ठ्याच्या रागाला विचारतं कोण?

मग एका रविवारी लोणंदच्या कंत्राटदाराचा व्हिडिओ कॉल आला. विवेक त्याचं नाव. सुबोध चहा टाकायला आत गेला होता, म्हणून फोन बाबांनी घेतला.

"काका, खांब कधी रोवायचे? मी कधीचा थांबलोय."

"अरे, मधली भिंत ठरत नाहीये."

विवेक हसला. "भिंतीचं काय घेऊन बसलात? पत्र्याचा सगळा भार खांबांवर. भिंत मागनं घाला, नाहीतर घालूच नका. मी सुबोधदादांना दिवाळीआधीच सांगितलंय की हे."

बाबांनी फोन ठेवला. सुबोध कप घेऊन दारात उभा होता, त्यानं सगळं ऐकलं होतं.  बाहेरून एक एलआरटी गेली, पण बाबांनी मान वर केली नाही.

"मला न्यायचंच नव्हतं ना तुला?" त्यांनी विचारलं. आवाजात राग नव्हता, आणि त्यामुळे ऐकवत नव्हतं.

सुबोध खुर्चीत बसला. "भीती वाटते, बाबा. आई गेली तेव्हा मी विमानात होतो. खाली उतरून फोन चालू केला, तर सगळं संपलेलं. तुमच्या वेळी पुन्हा तसं झालं तर? मला नाही सोसणार ते."

बाबांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. बराच वेळ ठेवला. "होईल कदाचित तसं," ते म्हणाले. "पण तोवरचं काय? तोवर मी जिवंत आहे ना."

सुबोध रडला. माणसं भिंतीला तोंड करून रडतात हे ऐकून होते, पण माझा आकार तो केवढा. मग बाबांनी दोन बोटांत मला धरलं आणि खाचेतून उपसून टेबलावर आडवं केलं. छप्पर जागेवर होतं. एक काडीसुद्धा हलली नाही.

"एका कोपऱ्यात मोरी आणि संडास घाला, चालेल. मधे काही नको. खाटेवरून मला गाड्या दिसल्या पाहिजेत."

सुबोध त्यांना पोचवायला स्वतः गेला. खांब उभे राहिले, पत्रा चढला. आता बाबांची खाट आहे, खाटेशेजारी टेबलफॅन आहे, आणि समोर कुणाचा तरी ट्रॅक्टर पोट उघडून उभा असतो. अनघानं त्याचा फोटो फ्रिजवर लावलाय.

मी इथंच राहिले, चपलांच्या कपाटावर, त्या पुठ्ठ्याच्या शेडजवळ आडवी पडून असायचे. गेल्या रविवारी सुबोधनं फोन लावला आणि बाबांनी उचलला नाही. पुन्हा लावला, तरी नाही. त्यानं मला उचललं आणि शेवटच्या खाचेत, गॅरेज अगदी चिंचोळं होईल अशी, घट्ट खोचलं.  मी मनातल्या मनात ओरडत होते, अरे, नको, तिथं नको.

थोड्या वेळानं फोन वाजला. "ट्रॅक्टरखाली होतो. काय म्हणतोस?"

"काही नाही. जेवलात का?"

"बसतोच आता."

सुबोधनं डोळे पुसले. मला मात्र काढायचं विसरला, तो तसाच कामाला लागला.

तेव्हा घर बांधणाऱ्यांनो, हात जोडून सांगते. कुणासाठी बांधताय, त्याला आधी आत राहायला जाऊ द्या. भिंती तो सांगेल तिथं घाला, नको म्हणाला तर घालू नका. मी इथं खाचेत अडकून उभी आहे, माझ्यापुढच्या गॅरेजात खेळण्यातली जीपसुद्धा मावत नाही. लोणंदला मला कुणी बांधलंच नाही, आणि तिथं बाबांना रात्री गाढ झोप लागते.