परातीतला समुद्र

पाण्याने काठोकाठ भरलेली परात डोक्यावर घेऊन तुम्ही कधी शंभर पावले चालला आहात काय? नसाल, तर रंगरावाला विचारा. मी तीच परात बोलते आहे.

माझा जन्म तांबटाच्या ऐरणीवर झाला. त्याने मला इतके ठोकले की पुढे कुणाच्या ठोक्याचे भय उरले नाही. धाड गावच्या बाजारातून मला अंबूबाईच्या नवऱ्याने आणले. तो देवाघरी गेला. मागे अंबूबाई, मी आणि नदीकाठचा एक आंबा, एवढाच संसार राहिला. दोन वर्षे आंबा रुसला होता. महाराष्ट्र राज्य झाले त्या ज्येष्ठात मात्र तो फांद्या वाकेपर्यंत लगडला. अंबूबाईची वर्षाची मीठमिरची त्याच्यावर होती.

रंगराव चावडीवर वर्तमानपत्र वाची आणि गाव ऐके. ज्याला अक्षर येते, त्याच्यावर न येणाऱ्यांचा भार असतो. रंगरावाने तो भार आंब्यावर डोळा ठेवून उतरवला.

एका दुपारी तो अंबूबाईच्या ओट्यावर येऊन बसला.

"मामी, कोणाले सांगू नको. पेपरात आलं, भरतीची लाट उठली. गावंच्या गावं वाहून गेली. आन् मोठी भरती येते पौर्णिमेले. म्हणजे परवा."

"पण समुद्र कुठीसा, आन् आपण कुठीसा?"

"आपली नदी कुठी जाते? शेवटी समुद्रालेच ना? गेलेलं पाणी वाट विसरते काय?"

नदीत तेव्हा म्हशीचे खूर बुडतील एवढेही पाणी नव्हते. पण अंबूबाई भ्याली.

"मंग गावाले काऊन नाही सांगत?"

"चेंगराचेंगरी होईन ना! तू एकटी, म्हणून जीव तुटते. जाय भावाकडे अमडापूरले."

"आन् माहा आंबा?"

"मी हावो ना लक्ष ठेवाले."

पौर्णिमेच्या सकाळी अंबूबाईने देव, लुगडी आणि शेरभर पीठ माझ्यात भरले व मला डोक्यावर घेऊन ती एसटीच्या थांब्यावर आली. तिथे बुलढाण्याच्या गाडीतून बेबीताई उतरली. ती गावच्या शाळेतली नवी मास्तरीण.

"मामी, सारा संसार घेऊन कुठी चालली?"

अंबूबाईने गुपित राखले. मला खाली टेकवायला जेवढा वेळ लागला, तेवढा वेळ राखले.

बेबीताई हसली नाही. तिने मला रिकामे केले, पाणी भरले आणि वरून फुंकर घातली. पाणी शहारले. "हे वाऱ्याची लाट. वरवर नाचते." मग माझा एक काठ सावकाश उचलला. पाणी दुसरीकडे चढले. "हे भरती. चंद्र-सूर्य ओढतात, तसं पाणी हळूहळू चढते, हळूहळू उतरते. रोजचं काम. पौर्णिमेले थोडं जास्ती." शेवटी तिने मला उचलून बुडाला खालून ठोसा दिला. सगळे पाणी एकदम उसळले आणि कंडक्टरच्या खाकी विजारीवर गेले.

"ओ बाई! गाडी एसटीची हाय, जहाज नाही!"

"हे पेपरातली," बेबीताई म्हणाली. "चिली देशाजवळ समुद्राचा तळच हादरला, त तळापासून सारं पाणी हाललं. जपानी लोक तिले त्सुनामी म्हणतात. ते पंचांग पाहून येत नाही. पेपरवाल्यानं तिले भरतीची लाट म्हटलं, तिथंच चुकलं. आन् ते येऊन गेली, पंधरा दिस झाले. आपलं गाव समुद्राहून दोन हजार फूट उंच, मामी."

अंबूबाई आपले देव पदरात गोळा करू लागली. "मंग रंगरावानं मले काऊन धाडलं?" असे म्हणाली, आणि स्वतःच ओरडली, "माहा आंबा!"

आम्ही पोहोचलो तेव्हा झाडाखाली दोन पोती भरलेली होती, आणि तिसरे रंगरावाच्या हातात, फांदीवर. अंबूबाईने मला देवाच्या पळीने बडवले. "रंगराव, उतर बे! भरती आली!" वडाची पूजा आटोपून परतणाऱ्या बाया धावत आल्या.

"मामी, मी लक्ष ठेवून राह्यलो होतो."

"फांदीवर बसून?"

"उंचावरून लाट लवकर दिसते ना."

देवाने पाण्याला मर्यादा घालून दिली आहे. जिभेला ती माणसाने स्वतः घालायची असते.

आंबे परत मिळाले. निवाडा गावाने अंबूबाईवर सोपवला. "पोलीस नको," ती म्हणाली. "माह्या आंब्याले पाणी घालू द्या. या परातीनं."

विहिरीपासून आंबा शंभर पावले. रोज सकाळी रंगरावाने मला काठोकाठ भरून डोक्यावर न्यायचे, आणि झाडापाशी उभे राहून तीन लाटांतला भेद मोठ्याने सांगायचा. निम्मे पाणी सांडले किंवा भेद चुकला, तर एक दिवस वाढायचा. मी मुद्दाम डोलत होते, असा त्याचा आरोप आहे. तो मी नाकारीत नाही.

शिक्षा पंधरा दिवसांची होती. रंगरावाने ती सव्वीस दिवस भोगली.

आता माझा काठ चेमटला आहे आणि आंबा दर दुसऱ्या वर्षी लगडतो. रंगराव अजून चावडीवर वर्तमानपत्र उघडतो. पण पहिली ओळ वाचून होते न होते, तोच मागून कुणी तरी विचारते, "रंगराव, हे पेपरातलं हाय, का फांदीवरचं?" आणि तो घडी घालून उठतो.