दोऱ्यांचं मैदान

सुनेने फोन पुढे धरला तेव्हा काकी हौदाच्या कठड्यावर बसून दोऱ्या घासत होती. आठवड्याची सुट्टी म्हणजे काकीच्या लाँड्रीतल्या बायकांना विश्रांती आणि दोऱ्यांना आंघोळ. आठवडाभर ओल्या चादरींचा भार वाहून दोरी मळते, आणि मळकी दोरी पांढऱ्या चादरीवर अशी रेघ ओढते की हॉटेलवाला ती चादर तोंडावर फेकतो. म्हणून त्या दिवशी लाँड्रीमागच्या पालिकेच्या मैदानातल्या झाडून सगळ्या दोऱ्या उतरवायच्या, साबणात घासायच्या, बांबूसुद्धा उपटून पुसायचे. मैदान तेवढा एकच दिवस बोडकं.

"आई, हे बघा जरा."

"दाखव. पण फोनला पाणी लागलं तर मला बोलायचं नाही."

फोनमध्ये नगरपालिकेचं नवं पान उघडलेलं होतं. वस्तीसाठी काय हवं ते कोणीही तिथे मांडायचं, सोबत फोटो लावायचा. ज्याला पटेल त्याने खाली आपलं नाव, आपलं काम आणि आपला नंबर घालून पाठिंबा द्यायचा. हे सगळं उघड, कोणीही वाचावं. ज्या सूचनेमागे जास्त माणसं, ती पालिका करून देणार. काकीची शाळा दुसरीत सुटली होती. ती अक्षराला अक्षर लावत वाचायची, पण एकदा वाचलेलं विसरायची नाही.

"वापरात... नसलेली... जमीन," तिने वाचलं. मग वरचा फोटो पाहिला. तिचंच मैदान, बोडकं. शेजारी रंगीत चित्र: हिरवळ, झोपाळे, फिरायची वाट, आणि वाटेवर एक गोरीगोमटी बाई कुत्र्याला फिरवतेय.

"ही भवानी कोण?"

"ती चित्रातली आहे, आई."

"आणि हे टाकलं कोणी?"

सून दोरीकडे बघायला लागली.

"बोल की. तोंडात मिठाची गुळणी धरलीस का?"

"भाऊजींनी."

भाऊजी म्हणजे काकीचे जावई. नकाशे काढायच्या कचेरीत कामाला. सासूबाईंना सवड असते म्हणून यायचे नेहमी सुट्टीच्याच दिवशी. जेवायचे, खिडकीशी आडवे व्हायचे, आणि बाहेर बघून म्हणायचे, केवढी मोकळी हवा आहे इथे. काकीला ते कौतुक वाटायचं. आता कळलं, माणूस हवा खात नव्हता, जमीन मोजत होता.

तिने हात पुसले आणि फोन लावला. "जावईबापू, बरे आहात ना?"

ती 'बापू' म्हणाली की आता भडका उडणार हे ओळखून घरातले भांडी आवरायला लागत.

"आई, तुम्ही बघितलंत वाटतं," जावई म्हणाले. "रागावू नका. अख्ख्या वस्तीचा विचार केलाय मी. मुलांना खेळायला जागा नाही, म्हाताऱ्यांना बसायला नाही. दोऱ्या काय, कुठेही बांधता येतात."

"तुमच्या कचेरीत बांधू? साहेबाच्या टेबलापासून तुमच्या टेबलापर्यंत?"

"आई, ते पान सगळ्यांसाठी आहे. तुमचं म्हणणं असेल तर तुम्हीही मांडा."

"मांडते," काकी म्हणाली आणि फोन ठेवला.

मैदान गेलं तर लाँड्री गेली, हे सांगायला नकाशा लागत नव्हता. हॉटेलाच्या चादरी, दवाखान्याच्या चादरी, लग्नाच्या हॉलचे पडदे, सगळं तिथल्या उन्हावर वाळायचं. सुकवायच्या मशिनी घ्यायच्या तर आधी घर विकावं लागलं असतं. आणि गल्लीतल्या बायकांचे संसार त्या मैदानावरच उभे होते.

त्याच दुपारी सून लिहायला बसली. "सविनय निवेदन करण्यात येते की..."

"कोण मेलंय?"

"असंच लिहितात, आई."

"लिहीत असतील. तू मी सांगते ते लिही. लिही, ही जागा रिकामी नाही. इथे आम्ही काम करतो. ज्यांनी फोटो काढला त्यांनी आमच्या सुट्टीच्या दिवशी काढला. उद्या तुम्ही झोपलेले असताना मी तुमचा फोटो काढीन आणि खाली लिहीन, वापरात नसलेला माणूस."

सुनेला हसू आवरेना.

"हसू नको, लिही. आम्हाला लोखंडी खांब द्या आणि एक नळ द्या. संध्याकाळी चादरी उतरल्यावर पोरं खेळतात, ती आम्ही कधी हाकलली नाहीत, पुढेही हाकलणार नाही. बाग हवी असेल तर दुसरीकडे कुठे तरी करा. बागेला हिरवळ पुरते. चादरीला ऊन लागतं."

दुसऱ्या दिवशी चादरी फडफडत असताना फोटो काढला आणि सूचना चढली. मग बायका रांगेने आल्या. पहिली बुटकी. बुटकी म्हणजे गल्लीतली सगळ्यात उंच बाई. दोरी डोक्याला लागते म्हणून सगळ्यांनी मिळून तिचं ते नाव ठेवलेलं. तिच्यामागे बाकीच्या. प्रत्येकीने आपलं नाव सांगितलं, काम सांगितलं, सुनेने लिहिलं, नंबरच्या जागी काकीचा नंबर घातला. त्यात कोणाला काही वावगं वाटलं नाही, कारण लाँड्रीचा नंबर म्हणजे काकीचा नंबर. हातगाडीवर तोच रंगवलेला, गिऱ्हाइकाला तोच ठाऊक. पूर्वी काकीच्या जावेने दवाखान्याला आपला नंबर देऊन, भाव पाडून, अर्धं काम पळवलं होतं. तेव्हापासून काकीचा कायदा: जगाशी बोलायला एकच फोन. बायकांचे फोन सकाळी पत्र्याच्या डब्यात जायचे आणि काम सुटल्यावर बाहेर यायचे.

पालिकेच्या मशिनीला तो कायदा ठाऊक नव्हता. तिने पाहिलं, नावं वेगळी आणि नंबर एक. तिने सगळा पाठिंबा रद्द केला आणि काकीच्या सूचनेवर लाल अक्षरांत लिहिलं: संशयास्पद. खाली कोणीतरी शेरा मारला, लाँड्रीवाल्यांची लबाडी उघडी पडली. त्याला लोकांनी पसंतीचे अंगठे दिले.

काकीने तो शेरा वाचला, पुन्हा वाचला, आणि इस्त्री अशी आपटली की भिंतीवरची चुन्याची पापडी पडली. "आयुष्यभर दुसऱ्यांचे डाग काढले. आता मलाच डाग लावतात?"

जावई आले ते याच वेळी. कामाच्या दिवशी मैदानात पाऊल टाकायची त्यांची पहिलीच खेप. चादरींच्या भिंतींमधून वाट काढता काढता एक ओली चादर वाऱ्याने फटकन त्यांच्या तोंडावर बसली. बुटकी दुसरीकडे तोंड करून खोकली. ते हसणं होतं.

"आई, मी तुमच्या भल्यासाठी आलोय," चष्मा पुसत जावई म्हणाले. "ते लाल अक्षर आता पुसलं जाणार नाही. सूचना मागे घ्या. मुदत संपतच आलीये. मी बागेत एक कोपरा दोऱ्यांसाठी ठेवतो, चित्रात तसं दाखवतो."

"कोपरा? कोपऱ्यात केरसुणी ठेवतात, बापू. आणि ऊन काय तुमच्या कोपऱ्यात वळून येणार आहे?"

"निदान लेकीचा तरी विचार करा. परवापासून माझ्याशी बोलत नाहीये ती."

"माझीच आहे म्हणायची."

"मी कचेरीत शब्द देऊन बसलोय, आई."

"आमच्या जागेवर शब्द दिलात? मग उचला तो आणि घेऊन जा."

जावई गेले नाहीत. चादरींकडे बघत उभे राहिले, पहिल्यांदा बघितल्यासारखे.

सून काकीच्या कानाशी आली. "आई, एक वाट आहे. प्रत्येकीने स्वतःच्या फोनवरून, स्वतःच्या नंबरने पाठिंबा दिला तर मशीन काही म्हणणार नाही. फक्त ते नंबर सगळ्यांना दिसतील. नावापुढे काम, कामापुढे नंबर. हॉटेलवाल्यालासुद्धा."

काकीला पुढचं सांगावं लागलं नाही. हॉटेलवाला उद्या थेट बुटकीला फोन लावेल. दवाखान्यातली सिस्टर दुसरीला लावेल. भाव कोणी ठरवायचा, चादर आधी कोणाची धुवायची, कोणाला उद्या ये म्हणायचं, हे जे सगळं काकीच्या एका फोनात होतं, ते गल्लीभर सांडेल. जावेने जे चोरून नेलं होतं, ते आता काकीने स्वतःच्या हाताने वाटायचं.

बायका बघत होत्या. कोणी डब्याकडे बघायची हिंमत करत नव्हती. जावई बघत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर तिला दिसलं की त्यांनी हिशेब केलाय: म्हातारी मैदान सोडेल, पण फोन सोडायची नाही.

तो चेहरा बघून काकीचं ठरलं.

तिने पत्र्याचा डबा खेचला, झाकण उघडलं आणि मैदानाच्या मधोमध नेऊन ठेवला. "या गं. जिचा तिने उचला. नाव आपलं, काम आपलं, नंबर आपला. माझ्या नावाच्या सावलीत पुरे झालं."

बायका जागच्या हलेनात. शेवटी बुटकीच पुढे आली. "काकी, उद्या हॉटेलवाला मलाच फोन करेल."

"करू दे."

"भाव विचारेल."

"सांग. माझ्यापेक्षा कमी सांगितलास तर स्टुलावर चढून टाळकं फोडीन."

"आणि जास्त सांगितला तर?"

काकीने डब्यातून बुटकीचा फोन काढून तिच्या हातात ठेवला. "तर मलाही शिकव."

मग डबा रिकामा झाला. सून एकीकडून दुसरीकडे पळत, कुठे दाबायचं ते दाखवत होती. जिला लिहिता येत नव्हतं तिने बोलून लिहिलं. फोन लिहून घेतो हे कळल्यावर तर बायकांना उधाण आलं. एकीने लिहिलं, मी याच मैदानावर तीन पोरं वाढवली. एकीने लिहिलं, दवाखान्यात तुम्ही ज्या चादरीवर झोपता ती माझ्या हातची, आता ठरवा. बुटकीने लिहिलं, बागेत या, पण आपली चादर घरी धुवून या.

ते वाचून गिऱ्हाइकं जागी झाली. हॉटेलातली खोल्या झाडणारी माणसं, दवाखान्यातल्या सिस्टर, हॉलचा रखवालदार, ज्याला त्याला ओळखीची बाई नावानिशी दिसली आणि त्यांनी आपली नावं खाली जोडली. नुसत्या लाँड्रीसाठी कोणी आलं नव्हतं. बुटकीला सगळे ओळखत होते. लाल अक्षर गेलं. शेरा मारणाऱ्याला एका सिस्टरने असं झाडलं की त्याने शेराच पुसला.

मुदत संपली तेव्हा काकीची सूचना वर होती. जावयांचा फोन आला. "आई, माझी मी कालच काढून घेतली."

"हरायच्या आधी की नंतर?"

"आधी. तुमच्या लेकीला विचारा."

"ती आधी बोलायला तर लागू दे तुमच्याशी," काकी म्हणाली, पण फोन ठेवताना 'बापू' म्हणाली नाही.

तिचा फोन मात्र मुका झाला. चार दोऱ्यांपलीकडे कोणाचा तरी वाजायचा, मग आणखी कोणाचा, आणि दर वेळी काकीचा हात कमरेला खोचलेल्या आपल्या फोनकडे जायचा. दोन बायकांनी भाव पाडला, काकीने त्यांना गल्लीदेखत सोलून काढलं, त्यांनी पुन्हा चढवला. बुटकीने हॉटेलवाल्याला जास्त सांगितला आणि त्याने दिला. त्या रात्री काकी जेवली नाही नीट.

खांब रोवायला पालिकेचा माणूस येणार होता. त्याने फोन केला तो बुटकीला.

"काकी!" बुटकी चादरींच्या वरून ओरडली. "साहेब विचारतायत, खांब कुठून कुठपर्यंत?"

काकीच्या जिभेवर सगळं होतं. कुठली बाजू, किती अंतर, वारा कुठून येतो. हात पुढेही गेला होता फोन हिसकायला. त्या हाताने तिने ओल्या चादरीचं टोक धरलं आणि पिळलं.

"मला काय विचारतेस? तोंड नाही का तुला? सांग त्याला."

बुटकी उभी राहिली, मैदानभर नजर फिरवली, आणि फोनमध्ये म्हणाली, "साहेब, आधी कान उघडे ठेवून ऐका, मी पुन्हा सांगणार नाही."

"हं," काकी म्हणाली आणि चादरीचं दुसरं टोक धरायला सुनेला हाक मारली.