पडलंय का कधी?

त्या शनिवारी सकाळी आईनं एका अनोळखी माणसाच्या दारात उभं राहून त्याला घाम फोडला होता.

माणूस बापडा चष्म्याच्या दुकानाचा मालक. त्याचं पोर मोठं झालं म्हणून बाळाची कार सीट विकायला काढलेली. लेकीला सातवा महिना होता, गाडी तीच चालवत आली होती, आणि तिला वाटत होतं, सीट बघावी, आवडली तर उचलावी, निघावं. पण आईनं सीट उलटी केली, वाचायचा चष्मा नाकावर चढवला आणि सुरुवात केली.

"कधीची आहे?"

"असेल दोनेक वर्षांची."

"असेल म्हणू नका. बुडाशी तारीख छापलीय. बरोबर, दोनच. पट्टे मूळचेच?"

"हो मावशी."

"धुतलेत?"

"ओल्या फडक्यानं पुसलेत नुसते."

"उत्तम. पट्टे साबणात उकळून काढतात लोक आणि मग त्यांच्यात जीव राहत नाही." आईनं एकेक पट्टा नखाखालून सरकवला, कुलूप पाच वेळा लावलं, पाच वेळा उघडलं. मग चष्मा काढला. "आता शेवटचं. पडलंय का कधी? गाडी कुठं धडकलीय? लहानसहान धरून सांगा."

"नाही हो. अजिबात नाही."

"आई, चल ना," लेक हळूच म्हणाली. "ते चष्मे विकतात. तराजू नाही."

आई वजनमापांच्या खात्यात तीस वर्षं निरीक्षक होती. दुकानादुकानांत जायचं, काटे तपासायचे, शिक्का मारायचा, खोटा निघाला तो उचलून न्यायचा. बाजारात तिचं खरं नाव कोणाला ठाऊक नव्हतं. लांबून दिसली की "काटेबाई आल्या" अशी कुजबुज व्हायची आणि पारड्यांखाली चिकटवलेलं काहीबाही झटक्यात नाहीसं व्हायचं. निवृत्त होऊन चार वर्षं झाली, तिची नजर काही निवृत्त झाली नव्हती.

जिना उतरताना तिनं लेकीला समजावलं. "तारीख छापलेली असते, पट्टा डोळ्यांना दिसतो. पडल्याचं मात्र कशावर लिहिलेलं नसतं. पडलेला काटा दिसायला सरळच असतो गं. दिवसभर खोटं तोलतो आणि कोणाला पत्ता लागत नाही. म्हणून विचारायचं, आणि विचारताना तोंडाकडे बघायचं. हा थांबला नाही. आठवायला लागला असता तर मी घेतली नसती."

वाटेत तिनं पाच किलोची पिठाची पिशवी घेतली. सीट मागे बसवून पिशवी तिच्यात ठेवली, पट्टे आवळले आणि स्वतः शेजारी बसली. "बाळ तीन किलोचं येणार, पीठ पाचाचं. पास झालं तर डोळे झाकून पास." निम्म्या रस्त्यात तिनं स्वतःचा पट्टा सोडला. वळणावर सीट सरकते का ते तिला खालून वाकून बघायचं होतं.

"आई, पट्टा लाव."

"लावते. तू पुढं बघ."

लेकीनं पुढं बघितलं नाही. मांडीवरचा फोन थरथरला म्हणून खाली बघितलं. नवऱ्यानं विचारलं होतं, मिळाली का. दोनच शब्द, वाचायला वेळ तो कितीसा लागणार. मान वर केली तेव्हा पुढचा टेम्पो उभा होता.

वेग असा नव्हताच. सायकलवाल्यानं गाठलं असतं इतपत. धक्का बसला, मागे दाराच्या चौकटीवर काहीतरी टणकन वाजलं, आणि मग सगळं शांत. टेम्पोवाला उतरला, स्वतःची मागची बाजू बघितली, तिचं पोट बघितलं, म्हणाला, "ताई, जरा जपून," आणि निघून गेला.

"तू ठीक आहेस ना? पोटाला स्टीअरिंग लागलं का?" आईनं आधी ते विचारलं. मग कानामागं हात चोळत पिशवीकडे बघितलं. "पीठ जागचं हललं नाही. पीठ पास, मी नापास."

दोघी हसल्या. खरंच हसल्या. ते हसू लेकीला पुढं कित्येक महिने ऐकू येत राहिलं.

"बाबांना बोलू नकोस," आई म्हणाली. "उगाच माझं डोकं खातील, आणि ते आधीच ठणकतंय." घरी पोचल्यावर बाबांनी बंपरचं विचारलं तर लेकीनं सांगितलं, दुकानासमोर गाडी उभी होती, कोणीतरी घासून गेलं.

संध्याकाळी आईनं सीट पुन्हा पालथी घातली. कुठं चरा नव्हता, भेग नव्हती. "तरी ही आता बाद," ती लेकीला म्हणाली. "दणका खाल्लाय तिनं. आपण वापरायची नाही, कोणाला द्यायची तर अजिबात नाही. सवडीनं पट्टे कापून टाकू, म्हणजे कोणी उचलून नेणार नाही." बाबांना लेकीनं सांगितलं, माझ्या गाडीत ती नीट बसत नाही, आणि सीट माळ्यावर गेली. ज्या बाईनं एवढ्याशा धक्क्यापायी धडधाकट सीट बाद केली, तिनं स्वतःच्या डोक्याला मात्र एक मलम चोळलं आणि ती झोपली. रक्त पातळ करायच्या गोळ्या ती दोन वर्षं घेत होती. आईला नाही तर नाही, ते लेकीला तरी आठवायला हवं होतं.

मंगळवारी आई फोनवर म्हणाली, डोकं जड आहे. लेकीच्या मनात टणकन तो आवाज वाजून गेला. ती म्हणाली, "चष्म्याचा नंबर वाढला असेल. त्या दुकानवाल्याकडेच जा, ओळख झालीय आता." आई हसली. गुरुवारी सकाळी तिला उलट्या सुरू झाल्या आणि दुपारी ती बाबांना ओळखेनाशी झाली.

इस्पितळात डॉक्टरांनी तोच प्रश्न विचारला. "पडल्या होत्या का कुठे? डोक्याला मार वगैरे?"

लेक हातात फाईल धरून उभी होती. तिनं तोंड उघडलं होतं. बाबा तिच्या आधी बोलले.

"बाथरूममध्ये असेल," ते म्हणाले. "फरशी माझ्याकडे असते. सोमवारी मी साबण लावून घासली आणि पाणी काढायचं राहिलं. सरकली असणार. मला बोलली नसणार, तिचा स्वभाव."

डॉक्टरांनी तसं लिहून घेतलं. लेकीनं तोंड मिटलं. सांगू, आधी ऑपरेशन होऊ दे, असं तिनं स्वतःला बजावलं. ऑपरेशन झालं. शनिवारी आई गेली. "दोन दिवस आधी आणलं असतंत तर," एवढं म्हणून डॉक्टर थांबले आणि बाबांनी मान खाली घातली. लेकीनं त्यांच्या पाठीवर हात ठेवला. त्या हाताची तिला नंतरही किळस येत राहिली.

त्यानंतर बाबा आंघोळ झाली की गुडघे टेकून बाथरूम पुसायचे. फडक्यानं एकदा, कोरड्या पंच्यानं एकदा, मग तळवा फिरवून खात्री करायचे. रबरी चटया आणल्या, त्या पुरेनात म्हणून आणखी आणल्या. लेक राहायला आली की म्हणायची, "बाबा, पुरे." ते म्हणायचे, "तू बाळाला घेऊन आत जातेस. मला पुन्हा तेच करायचं नाही." सांगायचं ती दर वेळी ठरवायची. वाचलेल्या पुस्तकांतली शहाणी माणसं अशा वेळी काय करतात ते तिला पाठ होतं. बाळ झालं, बाळ पाच महिन्यांचं झालं, आणि शब्द काही फुटला नाही.

एका रविवारी ती आली तर सीट बाहेरच्या खोलीत टेबलावर ठेवलेली, पुसून लख्ख.

"माळा आवरला," बाबा खांद्यावरचं ओलं फडकं सारखं करत म्हणाले. "तुझ्या गाडीत ही बसत नाही म्हणालीस ना, मग पडून कशाला राहू दे? लिफ्टमध्ये कागद लावला होता. दोघी येतायत बघायला."

कागदाची एक प्रत टेबलावर होती. बाबांच्या सुबक अक्षरात लिहिलेलं. *बाळाची कार सीट. आमच्याकडे एकदाही न वापरलेली. काटेबाईंनी स्वतः तपासून आणलेली.*

ती काही बोलायच्या आत बेल वाजली.

आलेली बाई कोपऱ्यावरच्या पार्लरमध्ये केस कापायची. आठवा महिना असावा. सोबत तिची नणंद, आल्या आल्या खुर्चीवर बसली आणि म्हणाली, "लवकर बघ गं वहिनी. हिचं म्हणजे, गिऱ्हाइकाचे केस कापायला दहा मिनिटं आणि टोमॅटो निवडायला तास."

"टोमॅटो परत वाढत नाहीत, ताई," पार्लरवाली म्हणाली आणि फोन काढला. त्यात तिनं यादी उतरवून आणली होती. "कधीची आहे, काका?"

"बुडाशी तारीख आहे. अजून चार वर्षं चालेल."

"पट्टे मूळचे?"

"सगळे. आमच्या हिनं नखाखालून तपासलेत."

"आणि…" तिनं बोटानं ओळ सरकवली. "कुठल्या अपघातात होती का? लहानसहान धरून, असं लिहिलंय इथं."

बाबा हसले. "अहो, ही माळ्यावरून उतरली तीच आज."

"झालं समाधान?" नणंद उठली. "उचल."

"ती द्यायची नाही," लेक म्हणाली.

बाळ तिच्या खांद्यावर झोपलं होतं. तिघंही तिच्याकडे बघायला लागली.

"का गं?" बाबा म्हणाले.

"पट्टा सैल आहे तिचा."

बाबांनी पट्टा ओढून बघितला. कुलूप लावलं, उघडलं, अगदी आईसारखं. "कुठं सैल? घट्ट आहे की."

"असला तरी चालेल, ताई," पार्लरवाली समजुतीनं म्हणाली. "आमच्या शेजारी बॅगा शिवतात ते आहेत, टाका घालून देतील." आणि तिनं एक हात सीटला लावला. दुसरा पोटावर होता.

दुसऱ्या कोणाला शब्द दिलाय, असं म्हणता आलं असतं. लेकीच्या जिभेवर ते आलंही होतं, आणि ते खपलंही असतं. त्या दोघी गेल्या असत्या, आणि बाबा फडकं घेऊन आत गेले असते.

ती थांबली. आठवायला नव्हे. आईनं ते थांबणं लगेच ओळखलं असतं.

"अपघातात होती," ती पार्लरवालीला म्हणाली. "दिसत नाही, पण दणका खाल्लाय तिनं. तुम्ही नेऊ नका."

पार्लरवालीनं हात काढून घेतला. नणंद पुन्हा बसली.

"कधी?" बाबा म्हणाले. "गाडीला कोणीतरी घासलं होतं तेव्हा? त्यात सीटला काय व्हायचंय?"

"कोणी घासलं नव्हतं, बाबा." आवाज तिला वाटला होता त्यापेक्षा सरळ निघाला. बाळाची मान सांभाळत तिनं ते सगळं ओळीनं सांगितलं. "सीट आणली त्याच शनिवारी. गाडी मी चालवत होते आणि फोन बघत होते. पुढं टेम्पो उभा होता, त्याला धडकवली. आई मागे होती, पट्टा सोडून. तिचं डोकं दारावर आपटलं. मंगळवारी डोकं जड आहे म्हणाली तेव्हा मला कळलं होतं, आणि मी तिला चष्म्याचा नंबर तपासायला सांगितलं. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मी तुमच्या शेजारी उभी होते."

बाबांच्या हातात अजून पट्टा होता.

"तुमच्या फरशीवर आई पडलीच नव्हती," ती म्हणाली. "ती माझ्या गाडीत पडली, बाबा."